वार्ता आणि साक्ष
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत दिलेलें व्याख्यान)



वार्ता सांगणें म्हणजे साक्ष देणें होय. आणि खोटी साक्ष देऊं नये, ही तर आठवी आज्ञा. म्हणून वार्ता कोणाकडून घ्यावी, हा प्रश्न केवळ सोयीचा नसून सदसद्विवेकाचा आहे.

आज आपली तरुण मंडळी वृत्तपत्रापेक्षां मोबाइलवरील इन्फ्लुएन्सर मंडळींच्या तोंडून वार्ता ऐकणें पसंत करितात. भाषा घरगुती, चेहरा रोजचा; त्यामुळें विश्वास चटकन बसतो. परंतु परिचय म्हणजे प्रमाण नव्हे. मोबाइलवरून येणाऱ्या गोष्टीची शहानिशा न केल्यास काय अनर्थ होतो, हें १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाड्यानें दाखविलें. मुलें पळविणारी टोळी आली, या अफवेपायीं जमावानें भिक्षा मागून निर्वाह करणाऱ्या पांच निरपराध माणसांस ठार मारिलें. अफवेवर कोणाची सही नव्हती.

वृत्तपत्रावर ती असते. मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें छापण्याचा दंडक १८६७ च्या कायद्यानें घातला. चुकल्यास जाब कोणास विचारावा, हें वाचकास ठाऊक असतें. वृत्तपत्रें निर्दोष आहेत, असें मात्र नाहीं. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्या. पण तें पाप पी. साईनाथ यांच्यासारख्या पत्रकारांनींच उघडकीस आणिलें आणि २०१० सालीं प्रेस कौन्सिलला त्याची दखल घ्यावी लागली.

नवें साधन म्हणून मोबाइल त्याज्य ठरत नाहीं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शाब्ले प्रांतांत लोक प्रवचनास येईनात, तेव्हां संत फ्रान्सिस डी सेल्स यांनीं पत्रकें लिहून तीं दारांखालून आंत सरकविलीं. त्यांसच १९२३ सालीं पोप पायस अकरावे यांनीं पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरविलें.

साधन कोणतेंही असो, कसोटी एकच. आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन लिहीत आहों, असें संत लूक शुभवर्तमानाच्या आरंभींच सांगतो. आपणही विचारावें: सांगणारानें स्वतः पाहिलें काय, किंवा पाहणारास गांठलें काय? चूक झाल्यास ती तो जाहीरपणें सुधारितो काय? त्याला पैसा कोण पुरवितो?

उत्तर न मिळाल्यास ती वार्ता आपल्यापाशींच थांबवावी. कारण पुढें धाडणाराही साक्षीदारच होय.