नुसतं पाहू नका, मोजा



बक्षिसं वाटून झाली, पडद्यामागे नाटकाची मंडळी रंग लावून तयार आहेत आणि मधे उभा आहे प्रमुख पाहुणा! म्हणून थोडक्यात बोलतो.

मी हृदयाच्या पेशी पाहतो. स्नायूची ही पेशी जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी लांब. बशीत एकटी ठेवून विजेचा हलका झटका दिला, तरी ती आखडते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर आडवे पट्टे दिसतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर सुमारे 2 मायक्रॉन. पेशी आखडली की ते किंचित कमी होतं. हा फरक नुसत्या डोळ्यांना नेमका सांगता येत नाही. संगणक मात्र चित्रफितीच्या प्रत्येक फ्रेममध्ये तो मोजून आलेख काढतो. मग कळतं, पेशी किती आखडली आणि सैल व्हायला तिला किती वेळ लागला. काही रुग्णांचं हृदय आखडतं नीट, पण सैल व्हायला उशीर लावतं. ते दुखणं या आलेखात सापडतं.

हृदयाची ही धडधड चालते कॅल्शियमवर. 1883 मध्ये लंडनच्या सिडनी रिंगर यांनी ते दाखवलं. नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय चालू राहिलं, शुद्ध पाण्यातल्या द्रावणात थांबलं. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा! पुढे कॅल्शियम भेटताच चमकणारे रंग आले आणि 1993 मध्ये चेंग, लेडरर आणि कॅनेल यांनी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकातून पेशीतल्या कॅल्शियमच्या ठिणग्या टिपल्या. एका ठिणगीने पेशी हलत नाही. हजारो एकदम उडाल्या, की एक ठोका पडतो. या ठिणग्यांची संख्या, आकार आणि काळ मोजला, म्हणून बिघाड कुठे होतो याचा शोध सुरू झाला.

मोजण्याची ही विद्या मोठ्या प्रयोगशाळेतच शिकता येते असं नाही. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली पारदर्शक मोजपट्टी ठेवा, दिसणारं वर्तुळ किती मिलिमीटरचं आहे ते पाहा. मग कांद्याच्या पापुद्र्याच्या किती पेशी त्यात ओळीने बसतात ते मोजा आणि भागाकार करा. पेशीची लांबी तुमच्या वहीत आली!

शिक्षकांना एवढीच विनंती, शाळेचा सूक्ष्मदर्शक कपाटातून बाहेर काढा आणि मुलांच्या हाती द्या. बक्षीस मिळालेल्यांचं आणि न मिळालेल्यांचंही अभिनंदन.