फांदी जगली असे केव्हा म्हणावे?

(नेसरी, तालुका गडहिंग्लज येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



२४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार याच नेसरीच्या भूमीवर धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मारकाला वंदन करण्यासाठी दूरदूरची माणसे येथे येतात. त्या वाटेवर सावली आणि फुले असावीत, म्हणून वड, पांगारा आणि चाफा यांच्या फांद्या लावण्याचा विचार आपण बोलून दाखविलात. विचार उत्तमच आहे. मात्र त्यासंबंधी माझी एक चूक प्रथम सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका गावी रस्त्याकडेला वडाच्या फांद्या लावल्या गेल्या. तीन आठवड्यांनी मी तेथे गेलो, तेव्हा प्रत्येक फांदीवर तांबूस पालवी लवलवत होती. 'सर्व झाडे जगली' असे वृत्त मी आनंदाने लिहिले. दिवाळीनंतर पुन्हा जाणे झाले. बहुतेक फांद्या वाळल्या होत्या. एक उपटून पाहिली. खाली मूळ म्हणून नव्हते!

छाटलेल्या फांदीत अन्नाचा व पाण्याचा साठा असतो. त्या शिदोरीवर डोळे फुटतात. मुळे मात्र सावकाश येतात. पाने पाणी उडवीत राहतात, पुरवठा करणारे कोणी नसते, आणि पाऊस थांबताच फांदी माना टाकते. म्हणून लावताना पाने काढून टाकावयाची असतात. ती हिरवी शोभा मोडताना हात धजत नाही, हे खरे!

वडासाठी मनगटाएवढी जाड, दीड-दोन मीटर लांबीची, निरोगी फांदी पावसाळ्याच्या तोंडावर घ्यावी. वटपौर्णिमेला बाजारात येणाऱ्या कोवळ्या डहाळ्या या कामी येत नाहीत. खालचा काप डोळ्याच्या किंचित खाली, धारदार हत्याराने, तिरपा घ्यावा. वरच्या कापावर शेणमाती लिंपावी. झाडाशी जोडलेले टोकच खाली यावयास हवे, कारण मुळे त्याच टोकाला फुटतात. सुमारे तिसरा हिस्सा जमिनीत पुरून माती घट्ट चोपावी. चाफ्याचा चीक मात्र आधी सावलीत काही दिवस सुकू द्यावा, नाहीतर तो कुजतो. मूळ धरले की नाही हे पाहण्यासाठी फांदी हलवू नये. नुकती आलेली मुळे तेवढ्यानेच तुटतात. ही सूचना विशेषतः उत्साही विद्यार्थ्यांसाठी आहे.

कोणी जपानी मेपलविषयी विचारले. ते थंड हवेचे झाड आहे, आपल्या उन्हाळ्यात त्याची पाने करपतील. शिवाय त्याच्या छाटकलमांना मुळे फुटूनही पुष्कळ कलमे पहिल्याच हिवाळ्यात दगावतात. म्हणून तिकडचे बागवान निवडक जाती बहुधा खुंटावर कलम बांधूनच वाढवितात. आपला पांगारा उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण होऊन लालभडक फुलतो, त्याची शोभा काय कमी आहे?

फांदीपासून वाढलेल्या झाडाला सोटमूळ नसते. वडाला पारंब्या आधार देतात. फणस, कडुनिंब मात्र बियांपासूनच लावावेत.

शाळेने प्रत्येक फांदीला क्रमांक देऊन नोंदवही ठेवावी. जूनमध्ये किती लावल्या आणि जुलैत किती फुटल्या, हे मला कळवू नये. पहिला उन्हाळा काढून पुढील मे अखेर किती उभ्या आहेत, तेवढे कळवावे. वृत्त मी तेव्हा लिहीन.