एफआयव्ही-बाधित मांजर दत्तक घेताना
एफआयव्ही, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू क्षीण करणारा विषाणू, १९८६ साली कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. त्याची लागण माणसाला होत नाही आणि तो मुख्यतः भांडणातील खोल चाव्यांतून पसरतो, म्हणून रस्त्यावरून सोडवलेल्या बोक्यांत अधिक आढळतो. नेहमीच्या चाचणीत विषाणू नव्हे, तर त्याविरुद्ध शरीराने घडवलेली प्रतिपिंडे, म्हणजे संरक्षक प्रथिने, दिसतात; ती आईच्या दुधातूनही पिल्लात उतरत असल्याने सहा महिन्यांखालील पिल्लाची चाचणी पुन्हा करावी लागते, आणि पहिल्याच निकालावरून त्याला नाकारणे अन्यायाचे ठरते. बाधित मांजर अनेक वर्षे सुखाने जगू शकते. मात्र त्याचे निर्बीजीकरण करून त्याला घरातच ठेवावे, कच्चे मांस देऊ नये आणि हिरड्या व वजन पशुवैद्याकडून दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावे.