कॅमेरा वेग पाहील, खड्डा कोण पाहील?



कापूस जिनिंगवर न्यायचा असो की ज्वारीची पोती बाजार समितीत, रस्त्यावर यावंच लागतं. आपला ट्रॅक्टर पुढं आणि मागून भरधाव ट्रक. तेव्हा वेगाच्या कॅमेऱ्याचा प्रश्न शहरवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नका.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला आणि कॅमेऱ्यांसाठी १३२ शहरांची यादी काढली. महाराष्ट्रातली शहरं १९. आपली अकोला, अमरावती, जालना त्यात आहेत, ठाणे जिल्ह्यातली उल्हासनगर, बदलापूरही आहेत. आता गंमत पाहा. कल्याणहून निघालं की आधी उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर. यादीत मधलं अंबरनाथच नाही! रस्ता तोच, ट्रक तोच. मरण काय यादी वाचून येतं?

कॅमेऱ्याने माणूस वाचतो का? वाचतो. कॉक्रेन या संस्थेने २०१० साली निरनिराळ्या देशांतले ३५ अभ्यास तपासले. कॅमेऱ्याच्या आसपास जीवघेणे आणि गंभीर अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटलेले आढळले. हिशेब सोपा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो.

पण कॅमेरा वेगच पाहतो. खचलेली साइडपट्टी, खड्डा, अंधारात उभी ट्रॉली त्याला दिसत नाही. ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर लावणं आपलं काम. रस्त्याचं काय?

२०१९च्या दुरुस्तीने कायद्यात दोन कलमं आली. १३६-अ कॅमेऱ्याचं, म्हणजे गाडीवाल्यासाठी. १९८-अ रस्ता बांधणाऱ्या, राखणाऱ्यासाठी. ठरलेल्या मानकांत कसूर होऊन कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर त्याला एक लाखापर्यंत दंड. एका हाताने आपल्याकडून दंड घ्यायचा आणि दुसरा हात खिशात ठेवायचा, हे चालणार नाही.

म्हणून मागणी स्पष्ट ठेवा. कॅमेरा दंड जास्त मिळेल तिथे नको, माणसं मरतात तिथे हवा. नियमात धोक्याचे राष्ट्रीय आणि राज्य महामार्गही आहेत, त्यामुळे गाव यादीत नाही ही सबब ऐकू नका. कॅमेऱ्याआधी इशाऱ्याचा फलक आणि यंत्राचं दरवर्षीचं प्रमाणपत्र नियमातच आहे, ते मागा. आणि अपघात झाला की चालकाबरोबर रस्त्याचाही पंचनामा मागा.

गावी गेल्यावर आपल्या रस्त्यावरची अपघाताची ठिकाणं लिहून काढा. पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या.