पुस्तकातला कायदा आणि कचेरीतला कायदा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वस्तीतली मुलं-मुली वकिलीच्या शिक्षणाकडे वळत आहेत, ही आनंदाची बाब आहे. परंतु घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक सवाल वारंवार कानावर येतो. "पोरगं कॉलेजात जातं ते ठीक, पण इंटर्नशिप म्हणून बिनपगारी राबायला कशाला जातं?" या सवालाचा आपण नीट विचार केला पाहिजे.

आम्ही गिरणीतली माणसं. साच्यावर उभं राहिल्याशिवाय कुणी विणकर होत नाही, हे आम्हाला पुस्तक न वाचता ठाऊक आहे. तुटलेला धागा जोडायला जुन्या कामगाराच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. वकिलीचंही तसंच आहे. बाबासाहेबांनी १९१६ साली लंडनला एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि दुसरीकडे ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ला परतावं लागलं. १९२०ला ते पुन्हा गेले, १९२२ला बॅरिस्टर झाले, १९२३ला डी.एस्सी. मिळवली. विद्यापीठ आणि धंद्याची तयारी त्यांनी जोडीनं चालवली.

त्यातही सार्वजनिक कायदा शिकणाऱ्याला बाहेर पडावंच लागतं. दोन भावांचा जमिनीचा दावा म्हणजे खाजगी कायदा. पण झोपडी पाडायला महापालिका आली, जातीचा दाखला अडकला, रेशनकार्ड रद्द झालं, तर समोर सरकार असतं. तिथं संविधान आणि प्रशासनाचा कायदा लागतो. मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांचा ओल्गा टेलिस खटला घ्या. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतो. परंतु त्याच निकालानं पावसाळ्यानंतर झोपड्या हटवायला मोकळीक दिली, हे किती जण ध्यानात ठेवतात? नोटीस कुणाला मिळाली, पुरावा म्हणून कोणता कागद चालला, हे कचेरीत बसल्यावरच समजतं.

आता नियम ऐका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे हिशेबानं वर्षाला एक महिना पडतो. खालच्या कोर्टात आणि अपिलाच्या कोर्टात काम करणाऱ्या वकिलाकडे एकदा तरी गेलंच पाहिजे. याशिवाय स्वयंसेवी संस्था, न्यायाधीश, विधिमंडळ, स्थानिक स्वराज्य संस्था, अशी दारं उघडी आहेत.

काही मुलं ओळखीनं नुसतं सर्टिफिकेट आणतात. कागद मिळतो, विद्या मिळत नाही. ज्याच्या घरात काका-मामा वकील आहेत, त्याला पुढे शिकवणारं कुणी तरी भेटतं. आपल्या पोराला कोण भेटणार? म्हणून त्यानं तर हा महिना वाया घालवता कामा नये.

आमची सूचना अशी की, निदान एक महिना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मिळतो का, ते मुलांनी बघावं. १९८७च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुलं आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. आपली माणसं तिथं येतात. अर्ज कसा लिहावा, कुठं अडतो, हे तिथं दिसेल.

पदवीनंतर एक वर्षाची उमेदवारी सक्तीची करणारे १९९५चे नियम सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली रद्द केले. तरी ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली शिकणं सुटत नाही. आणि सनद घेताना कुणी हजारो रुपये मागितले तर ध्यानात ठेवा : २०२४च्या निकालाप्रमाणे नोंदणी शुल्क कायद्यानं ठरवलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि अनुसूचित जाती-जमातींना ते १२५ रुपये आहे.

शेवटी, खर्चाचं काय? गाडीभाडं आणि दुपारचा डबा हाच खरा अडथळा आहे. मुलाची एका महिन्याची कमाई बुडते, ती घराला जाणवते. तेव्हा विहाराच्या जमाखर्चात दरसाल एका विद्यार्थ्याच्या पासाचे पैसे बाजूला काढावेत. वस्तीतल्या वकील बांधवांनी वर्षाला एक मूल हाताखाली घ्यावं. आणि आई-वडिलांनी तो महिना पोराकडं पगार मागू नये. उद्या वस्तीवर नोटीस लागली, तर ती वाचणारा माणूस आपल्याच घरातला असेल.