आसनामागचा खर्ज

‘ट्रक’ हा शब्द उच्चारला की मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती घाट चढताना धापा टाकणारी, मागच्या फळीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ मिरवणारी मालमोटार. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ पुष्कळच सौम्य आहे. पुढे माणसांना बसण्याची बंदिस्त खोली आणि मागे उघडा हौदा असे जे वाहन भारतात ‘पिकअप’ म्हणून ओळखले जाते, त्यालाच तिकडचा माणूस ट्रक म्हणतो. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला असा हौदा बसवून ती विकायला काढली, तेव्हा तिचे गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरी होते. पुढे चालकाच्या खोलीत मागचे आसन आले, दारे दोनांची चार झाली, आणि हळूहळू कचेरीत जाणारा कारकून व मुलांना शाळेतून आणणारी आई हीसुद्धा ट्रकवाली झाली. तिकडे अंतरे लांब. रोजचा तास-दोन तासांचा प्रवास संगीताच्या सोबतीवाचून कंठणे कठीण, आणि त्या संगीतातला खर्ज तर चाकांच्या घरघरीत आधी बुडतो. कारण रस्त्याचा गोंगाटही मुख्यतः त्याच खालच्या पट्टीतला असतो. दारांत बसवलेले वीतभर व्यासाचे ध्वनिक्षेपक तो परत आणू शकत नाहीत. मग गाडीचा हौशी मालक मागचे आसन पुढे पाडतो, त्यामागची अरुंद फट न्याहाळतो, आणि तेथे एक पेटी बसवण्याचा बेत करतो. या पेटीत खर्जापुरताच राखून ठेवलेला मोठा ध्वनिक्षेपक, म्हणजे सबवूफर, राहावयाचा असतो.

खर्ज ऐकणे कानाला मुळातच जड जाते. निरनिराळ्या उंचीचे सूर माणसाला सारखेच मोठे वाटावेत यासाठी कोणत्या सुराला किती जोर लागतो, याचे मोजमाप बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केले. आजच्या मापनानुसार, सेकंदाला १००० कंपनांचा सूर आणि ४० कंपनांचा सूर हे दोन्ही जेमतेम ऐकू यावेत असे ठरवले, तर दुसऱ्याला पहिल्यापेक्षा सुमारे ५० डेसिबल अधिक जोर द्यावा लागतो. डेसिबलांचा हिशेब गुणाकाराचा असल्याने या ५० चा अर्थ होतो एक लाख पट ध्वनिशक्ती. एवढी शक्ती हवेत उतरवायची म्हणजे पुष्कळ हवा हलली पाहिजे. आणि त्यासाठी ध्वनिक्षेपकाचा पडदा मोठा तरी हवा, नाही तर तो लांबवर पुढेमागे सरकणारा तरी हवा.

परंतु नुसता मोठा पडदा घेऊन भागत नाही. पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते. म्हणजे एकाच वेळी दोन लाटा निघतात, आणि त्या एकमेकींच्या नेमक्या उलट असतात. ४० कंपनांची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. तिला पडद्याच्या कडेला वळसा घालून पुढे येणे म्हणजे काहीच नव्हे. ती येते, पुढच्या लाटेला भेटते, आणि दोघी परस्परांना पुसून टाकतात. म्हणूनच उघड्यावर ठेवलेला ध्वनिक्षेपक, किंमत त्याची काहीही असो, खर्जाच्या बाबतीत मुका असतो. पेटी ही शोभेसाठी नसते. मागच्या लाटेला घातलेले ते कुलूप असते.

हे कुलूप एके काळी कपाटाएवढे मोठे असे. ते लहान करण्याचे श्रेय मुख्यतः एडगर व्हिल्चर या अमेरिकन संशोधकाकडे जाते. बंद पेटीतली हवा हीच एक स्प्रिंग आहे, आणि कापडाच्या किंवा कागदाच्या ताठ पट्टीपेक्षा ती कितीतरी प्रामाणिक स्प्रिंग आहे, हे त्यांनी ओळखले. पडदा मुद्दाम सैल टांगावा आणि त्याला आवरण्याचे काम हवेवर सोपवावे, ही त्यांची युक्ती. १९५४ साली हेन्री क्लॉस यांच्यासह त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे कारखाना काढला, आणि मांडणीवर मावणाऱ्या पेटीतून ऑर्गनचा खर्ज लोकांनी ऐकला. क्लॉस यांचे पुढचे एक भागीदार अँटन हॉफमन. प्रख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे ते चिरंजीव. त्यांच्या नावाने या व्यवसायात एक कठोर नियम सांगितला जातो: खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी पदरात पडतात, तिसरीवर पाणी सोडावे लागते. आसनामागे जागा तर ठरलेलीच लहान, आणि खर्ज तर हवाच. तेव्हा पाणी सोडायचे ते विजेच्या काटकसरीवर.

आता त्या फटीकडे वळावे. तिचा आकार बहुधा पाचरीसारखा असतो, कारण आसनाची पाठ कललेली आणि गाडीची मागची भिंत जवळजवळ उभी. समजा, फट वर १० सेंटिमीटर, खाली २० सेंटिमीटर, उंची ४५ आणि लांबी ११० सेंटिमीटर आहे. सरासरी खोली १५ धरून गुणाकार केला की सुमारे ७४ लिटर भरतात, आणि हौशी माणूस खूश होतो. पण ज्या दाबीव फळीची (तिला एमडीएफ म्हणतात) ही पेटी करायची, ती १८ मिलिमीटर जाड. प्रत्येक बाजूने ती आत शिरते. खोली १५ ची ११.४ होते, उंची ४१.४, लांबी १०६.४, आणि हाती उरतात जेमतेम ५० लिटर. एक तृतीयांश जागा लाकडानेच खाल्ली! मोठ्या चौकोनी पेटीत ही लूट नजरेत भरत नाही; सपाट पेटीत मात्र ती जीवघेणी ठरते. त्यातून आतील आधाराच्या पट्ट्या आणि ध्वनिक्षेपकाचे स्वतःचे अंग वजा जायचे ते निराळेच. कागदावर हा हिशेब आधी न मांडता जो करवत उचलतो, त्याची पेटी सुबक होते पण आवाज आखडतो.

हिशेब कसा मांडावा हे ठरवून दिले ऑस्ट्रेलियाने. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत जी सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांमुळे पेटी बांधणे हे अंदाजाचे काम राहिले नाही. एक उदाहरण पुरे. एखाद्या ध्वनिक्षेपकाचा पडदा मोकळ्या हवेत सेकंदाला २८ कंपनांनी डोलतो, आणि त्याच्या टांगणीची लवचीकता ५० लिटर हवेच्या लवचीकतेइतकी आहे. तो ५० लिटरांच्या बंद पेटीत बसवला तर ताठपणा दुप्पट होतो, आणि दोनाच्या वर्गमुळाच्या पटीत कंपने वाढून ती ४० च्या आसपास जातात. पेटी निम्मी, म्हणजे २५ लिटरांची केली, तर? कंपने ८० होत नाहीत. सुमारे ४८ होतात. खर्ज थोडा वर सरकतो, सूर जरासा फुगीर होतो, एवढेच. आतमध्ये उशीत भरतात तसला कृत्रिम कापूस सैलसर भरला तर हवा दाबली जाताना तापणारी उष्णता तो शोषून घेतो, आणि हवेला पेटी थोडी मोठी असल्याचा भास होतो.

या व्यवहारात ट्रकची खोलीही मदतीला येते, आणि ही खरी मौज. आतली लांबी तीन मीटरांच्याही आत. सुमारे ६० कंपनांच्या खाली अर्धी लाटसुद्धा तीत मावत नाही. मग लाट धावण्याचा प्रश्नच उरत नाही, सबंध खोलीतली हवा एकदमच दाबली जाते आणि सैल होते. परिणामी सूर जसजसा खाली जावा तसतसा खोली त्याला उचलून धरते. एका सप्तकामागे तात्त्विक हिशेबाने १२ डेसिबलांपर्यंत. बंद पेटीचा आवाज आपल्या कंपनसंख्येखाली नेमका त्याच गतीने उतरत असतो! दारांच्या आणि काचांच्या फटींतून काही दाब निसटतो हे खरे, तरीही दिवाणखान्यात दुबळी वाटणारी पेटी ट्रकमध्ये भारदस्त बोलते ती यामुळेच.

सुतारकामाबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडतो तो त्याने तारेबरोबर बोलावे म्हणून. सबवूफरच्या पेटीकडून अपेक्षा नेमकी उलटी: तिने बोलूच नये. जी फळी थरथरते ती आपला स्वतःचा सूर मिसळते. म्हणून फळी जड आणि जाड, मध्ये आडवे आधार, आणि सांधे सरसाने पक्के. स्क्रू असतात ते बहुतांशी सरस वाळेपर्यंत फळ्या धरून ठेवण्यासाठी. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून तो फटीत बसवून पाहणे हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग. आसनाची गादी आणि पडदा यांत मोकळे अंतर राहिले पाहिजे, नाही तर पाठ टेकणाऱ्याच्या भाराने गादी पडद्यालाच जाऊन भिडते.

पण त्या भिंतीवर गाडी बांधणाऱ्यानेही काही गोष्टी ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्याविषयी या छंदाची मंडळी फारसे बोलत नाहीत. पुष्कळ ट्रकमध्ये आतली हवा बाहेर सोडणारी झडप तेथे असते. ती झाकली की दारे आपटून लावावी लागतात. त्याहून महत्त्वाची आहे ती आसनामागची कडी किंवा पट्ट्याचा फास. अमेरिकेत या शतकाच्या आरंभापासून नव्या गाड्यांत लहान मुलांच्या खास आसनाचा वरचा पट्टा अडकवण्याची सोय ठेवणे बंधनकारक आहे, आणि ट्रकमध्ये ती सोय याच फटीत असते. पेटीने ती झाकली, तर मूल बसते, पट्टा दिसतो, आणि तो कशालाच बांधलेला नसतो. आसनाची पाठ जर ‘खट्’ असा आवाज करून आपल्या खाचेत बसत नसेल, तर पेटी कितीही देखणी असली तरी ती पुन्हा कापलीच पाहिजे. वजनाचेही तसेच. वरच्या उदाहरणातली पेटी ध्वनिक्षेपकासह सुमारे २५ किलोंची भरेल. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर तिच्यातल्या प्रत्येक वस्तूला आपल्या वजनाच्या सुमारे २० पट जोर बसतो. म्हणजे अर्धा टन, आणि तो मुलाच्या पाठीशी. अशी पेटी नुसती टेकवून ठेवणे हा वेडेपणा आहे. ती गाडीच्या लोखंडाला बोल्टांनी जखडावी. मात्र भोक पाडण्याआधी खाली वाकून पाहावे, कारण पत्र्याच्या पलीकडूनच पेट्रोलची आणि ब्रेकची नळी गेलेली असू शकते.

विजेचे काम त्या मानाने थोडके. तार जाड हवी आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच फ्यूज हवा. मध्ये कोठे आवरण घासून तार पत्र्याला लागली, तर फ्यूज वितळेल, गाडी पेटणार नाही.

मग चाचणी. दारे लावून ८० कंपनांपासून २० पर्यंत हळूहळू उतरणारा एकच सूर वाजवतात आणि कान देऊन बसतात. वाटेत कोठे नंबराची पाटी खडखडते, कोठे छताचे अस्तर, कोठे सनग्लासची डबी. एक खडखड मात्र काही केल्या सापडत नाही. दार काढून होते, मागची काच दाबून होते. शेवटी आसनाखाली हात जातो तेव्हा लागतो तो गाडीचा जॅक. पेटीला जागा करून देण्यासाठी आपल्या मूळ खाचेतून त्याला उठवलेले असते, आणि तेव्हापासून तो सुटाच पडलेला असतो. जुन्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून त्याला आसनाखालच्या कोपऱ्यात पट्ट्याने बांधले की सूर पुन्हा ८० पासून सुरू करावयाचा.