दर आठवड्याची शिकवणी

जामखेडचे डॉ. रजनीकांत आरोळे म्हटलं की लोक पुरस्कार सांगू लागतात. 1979 चा मॅगसेसे पतिपत्नी दोघांना, 1990 ला पद्मभूषण. ते तुम्हांला ठाऊकच आहे. मला बोलायचंय ते त्यांच्या दर आठवड्याच्या शिकवणीबद्दल.

वेल्लोरला डॉक्टरकी, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य, आणि 1970 पासून पत्नी डॉ. मेबल यांच्यासह जामखेड. आधी गावोगावी नर्स नेमून पाहिल्या. त्या खेड्यात राहायला राजी होईनात. मग गावाने आपल्यातलीच बाई निवडून दिली. पुष्कळजणी निरक्षर, कितीतरी दलित. या बाया जामखेडला मुक्कामाला येत, जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवत. सुखरूप बाळंतपण, बाळाचं वजन, हगवणीला मीठ-साखरेचं पाणी हे शिकून गावी जात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येत. पुन्हा येत, हे नीट ऐका.

दही लावताना आपण कोमट दुधात चमचाभर विरजण घालतो, भांडं झाकतो, मग सारखं ढवळत बसत नाही. पण उद्यासाठी चमचाभर दही आठवणीने राखतो. फार दिवस तसंच पडलं तर ते आंबतं, त्याने दूध नासतं. आरोळ्यांनी गाव ढवळलं नाही आणि विरजण शिळं होऊ दिलं नाही. आठवड्याच्या त्या भेटीत एकीने आपल्या गावचं तापाचं मूल सांगायचं, दुसरीने आपण काय केलं ते सांगायचं, डॉक्टरांनी ऐकायचं. तिथे हजार जन्मांमागे 1971 ला 176 अर्भकं दगावत. 1976 ला तो आकडा 52 वर आला. त्यात मोठा वाटा या बायांचा.

2005 नंतर देशभर आशाताई आल्या, फार चांगलं झालं. पण मी पाहिलेल्या त्यांच्या बैठकांत रजिस्टरं, तक्ते, सह्या. “बाई, तुझ्या गावात या आठवड्यात काय झालं?” हे विचारायला कुणाला सवड नाही. अधिकारी मंडळी ऐकत असतील तर रागावून सांगतो, एकदाच प्रशिक्षण देऊन मोकळं होऊ नका. दर आठवड्याला भेटा. दर आठवड्याला.

वेळ संपत आली. कुष्ठरोग्यांना या बायांनी घरातच कसं सांभाळलं, ते सांगायचं राहिलंच. मॅगसेसे मिळण्याच्याही आधी, 1975 ला जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात आरोळे दाम्पत्याने जामखेडची हकीकत लिहिली, तीही… असो, ती मिळाली तर वाचा.